वाघ गेल्यानंतरचा पंचनामा

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला झरी जामणी तालुका आहे. दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. पश्चिमेकडे केळापूर तालुका आणि तिथून पुढे टिपेश्वर अभयारण्य. टिपेश्वरचं क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. तिथे वाढलेल्या तरुण नराला स्वतःची हद्द हवी असते आणि आत जागा नसते, म्हणून तो बाहेर पडतो. २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेला असाच एक वाघ टिपेश्वरहून निघून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर मोजली गेली. पण सगळे वाघ इतके लांब जात नाहीत. बरेचसे मुकुटबन, पांढरकवडा, मारेगाव, वणी या पट्ट्यातल्या तुटक जंगलांतच राहतात. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना वाटेत पऱ्हाटी लागते, तूर लागते. जंगल कुठे संपलं आणि वावर कुठे सुरू झालं, हे वाघाला सांगणारा मध्ये फक्त एक धुरा असतो.

इथे वाघाने माणूस मारला की दोन-तीन दिवस बातम्या येतात आणि मग थांबतात. घरच्यांचं आणि गावाचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. ते कसं चालतं, ते क्रमाने पाहू.

समजा, नोव्हेंबरातली दुपार आहे. एक बाई ओळीत वाकून कापूस वेचते आहे, बाकीच्या दहा-वीस हात पुढे गेल्या आहेत. तूर डोक्याएवढी झालेली, तिच्यात वाघ बसला तर दिसत नाही. वाघ उभ्या माणसाला सहसा टाळतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याच्या नजरेला वेगळा दिसतो, म्हणून कापूस वेचणारे, गवत कापणारे, मोहफुलं गोळा करणारे, उघड्यावर शौचाला बसलेले लोक हल्ल्यात जास्त सापडतात. झडप बहुधा मागून येते आणि मानेवर बसते.

आरडाओरडा झाल्यावर वाघ थोडा बाजूला होतो, पण तो लगेच लांब गेलेला असेल असं धरून चालू नये. लोकांच्या मनात पहिली गोष्ट येते ती देह उचलून घरी न्यायची. स्वाभाविक आहे. पण इथे थांबावं लागतं. माणसांनी घोळक्याने, आवाज करत देहाजवळ राहायचं आणि बाकी काही हलवायचं नाही. पोलीस पाटलांनी ठाण्याला आणि बीटाच्या वनरक्षकाला कळवायचं. वनरक्षकाचा फोन लागत नसेल तर वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. त्या तासाभरात शंभर पायांनी जमीन तुडवली गेली, तर पुढचे सहा महिने ज्याच्यावर उभे राहायचे तो पुरावाच पुसला जातो.

मग दोन वेगवेगळे पंचनामे होतात, आणि त्यांची गल्लत करू नये. पोलीस मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल करून मरणोत्तर पंचनामा करतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतं. दुसरा, घटनास्थळाचा पंचनामा वन विभागाचा. त्यात पाऊलठसे, देह ओढत नेल्याची खूण, झुडपाला अडकलेले केस, जखमेतल्या सुळ्यांच्या खुणा आणि त्यांच्यातलं अंतर टिपलं जातं. जखमेवरच्या लाळेचा नमुना घेतात. असे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांत हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्र) प्रमुख आहे. यातून दोन गोष्टी ठरतात: मारणारा वाघच होता का, बिबट्या किंवा आणखी काही नव्हतं ना, आणि वाघ असेल तर कोणता. पहिल्या उत्तरावर कुटुंबाची भरपाई अवलंबून असते, दुसऱ्यावर त्या वाघाचं पुढे काय करायचं ते. शवविच्छेदनाला नकार देणारी कुटुंबं असतात. देहाची आणखी चिरफाड नको, ही भावना समजण्यासारखी आहे. पण अहवालाशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही.

या टप्प्यावरची एक अडचण कागदावर कधीच दिसत नाही. तालुक्यात कोलाम समाजाची पोडं, म्हणजे वस्त्या, बरीच आहेत. महाराष्ट्रात कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलामांची नोंद अतिअसुरक्षित आदिम जमात म्हणून आहे. घरात कोलामी बोललं जातं आणि पंचनामा सरकारी मराठीत लिहिला जातो; त्या मराठीने शहरातला पदवीधरही गोंधळतो. आंगठा उमटवण्याआधी कुणीतरी तो मोठ्याने वाचून समजावायला हवा. शाळेतला मुलगा, आशाताई, ग्रामपंचायतीचा शिपाई, कुणीही चालेल. मृत बाईचं नाव आधारवर एक, शिधापत्रिकेवर दुसरं आणि लोक हाक मारतात ते तिसरं, असं सर्रास असतं. गट क्रमांक चुकतो. वावर सासऱ्याच्या नावावर आणि ते कसणारी सून, हेही आलंच. या चुका त्या दिवशी क्षुल्लक वाटतात आणि पुढे वारसाच्या दाखल्यापाशी येऊन अडतात.

अंत्यविधीसाठी काही रोख रक्कम वनाधिकारी बहुधा त्याच दिवशी हाती देतात. मुख्य रक्कम वेगळी. राज्य सरकारने २०२३ मध्ये वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठीचं अर्थसाहाय्य २५ लाख रुपये केलं. त्याआधी २० आणि त्याच्याही आधी १५ लाख होतं. सगळे पैसे एकदम हातात येत नाहीत. १० लाख आधी मिळतात आणि उरलेली रक्कम वारसाच्या नावे मुदत ठेवीत जाते. ठेवीची ही अट मला योग्य वाटते. घरात माणूस गेलेला असताना अचानक आलेल्या पैशाभोवती सावकार, दूरचे नातलग आणि जमिनीचे दलाल किती लवकर जमतात, हे विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या काळात पुरेसं दिसलं आहे. विधवेने मात्र एक गोष्ट स्वतः बँकेत जाऊन पाहावी: ठेव कुणाच्या नावावर आहे आणि पावती कुणाच्या पेटीत आहे.

जखमींकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबू. त्याच २०२३ च्या दरांप्रमाणे कायमचं अपंगत्व आलं तर साडेसात लाख, गंभीर जखमेला पाच लाख. वाघाच्या दाताची जखम बाहेरून लहान दिसते आणि आत खोल असते. त्याच्या तोंडातले जंतू थेट स्नायूत जातात. घरगुती पाला किंवा हळद भरून ती बांधू नये. वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि थेट दवाखाना गाठावा. धनुर्वाताबरोबर रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, कारण जंगली प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर वर्गात धरतात. पांढरकवडा, वणी, यवतमाळ अशा फेऱ्यांची प्रत्येक चिठ्ठी आणि बिल जपून ठेवावं.

आता वाघाचं काय, हा प्रश्न. गावाला तो पहिल्या रात्रीच पडलेला असतो, सरकारला बराच उशिरा. वाघ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच त्याला पकडायची किंवा मारायची परवानगी देऊ शकतात. तीही वाघ माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे अशी खात्री झाल्यावर. मारण्याची परवानगी तो पकडता, बेशुद्ध करता किंवा हलवता येत नाही असं दिसल्यावरच. आमदार, जिल्हाधिकारी, वनक्षेत्रपाल यांपैकी कुणाच्याही हातात ते नाही. म्हणून रस्ता रोखून वनक्षेत्रपालाला घेराव घातला, तरी तो बिचारा फार तर कॅमेरे आणि गस्त वाढवू शकतो. कॅमेऱ्यातल्या वाघाचे पट्टे पाहून तो कोणता ते ओळखतात, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. मग दिवसाउजेडी बेशुद्धीचं इंजेक्शन. अंधारात डार्ट मारायला राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती परवानगी देत नाही, कारण अर्धवट गुंगीतला वाघ झुडपात शिरला तर माणसंही मरतात आणि वाघही.

या प्रक्रियेला किती वेळ लागू शकतो, याची दोन टोकं याच भागात आहेत. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात जून २०१६ ते ऑगस्ट २०१८ दरम्यान १३ माणसं मेली आणि ती टी-१ उर्फ अवनी या वाघिणीच्या नावावर पडली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. शहरांत निदर्शनं झाली, तिकडच्या गावांत फटाके वाजले. रात्रीची ती कारवाई नियमाने झाली नाही, असं पुढे प्राधिकरणाच्या चौकशीतही आलं. मला दोन्हीकडची माणसं कळतात. पण दोन वर्षं वावरात जायला घाबरलेल्या बाईला फटाके का वाजवले म्हणून विचारणं मला जमणार नाही. दुसरं टोक अंधारवाडीचं. सप्टेंबर २०२० मध्ये केळापूर तालुक्यातल्या या गावात वाघिणीने एका महिलेला मारलं, आणि काही दिवसांतच त्या वाघिणीला बेशुद्ध करून नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात नेण्यात आलं. कॅमेरे, ओळख, परवानगी, पथक हे सगळं वेळेवर जुळलं तर काम होतं, एवढं त्यातून दिसतं.

जुळलं नाही की लोक स्वतःचा मार्ग काढतात, आणि तो वाईट असतो. एप्रिल २०२१ मध्ये झरी जामणी तालुक्यातच, मुकुटबन वनपरिक्षेत्रातल्या मांगुर्ल्याच्या जंगलात, एका गुहेत गाभण वाघीण मेलेली सापडली. गळ्यात तारेचा फास, गुहेच्या तोंडाशी आग लावल्याच्या खुणा, पंजे तोडलेले. अशा सूडाचा गावच्या खिशाशीही संबंध आहे. वाघाने मारलेल्या गाय-बैलाला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. पण त्यासाठी ४८ तासांत कळवावं लागतं आणि मेलेलं ढोर जागेवर राहावं लागतं. चिडून त्याच्यावर विष टाकलं की भरपाई जाते आणि गुन्हा दाखल होतो.

आणि रोजचं काम? सुंदरबनात वाघाने नवरा मारलेल्या बाईला पांढऱ्या पायाची ठरवून वाळीत टाकल्याची उदाहरणं आहेत. आपल्याकडची अडचण वेगळी: तिच्या वावरात मजूर यायला तयार होत नाहीत. वेचणी व्हायच्या आधीच कापसाची बोंडं फुटून लोंबू लागतात. रानडुकरांसाठी जागलीला जावं लागतं आणि कृषी पंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की ओलिताला अंधारातच उठावं लागतं. घाबरलेल्या गावाला सगळ्यात आधी दिवसाची वीज मिळाली पाहिजे, आणि ग्रामसभेचा पहिला ठराव भरपाईबरोबर वीज कंपनीच्या नावेही जायला हवा. सरपणाची फेरी गॅसने कमी होते, पहाटेची बाहेरची फेरी शौचालयाने. गावातल्या तरुणांचं प्राथमिक प्रतिसाद दल वन विभाग बांधतो, त्यांना शिट्ट्या आणि बॅटऱ्या देतो. वाघ दिसल्याची खबर त्यांनी खरी द्यायची आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे दुसऱ्याच राज्यातले वाघाचे व्हिडिओ थांबवायचे, हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोठं.

वाघाने किंवा डुकराने पीक तुडवलं तर पंचनामा होतो. भीतीने वेचणी राहिली, कापूस झाडावरच भिजला, तर त्याला कोणत्याही पंचनाम्यात रकाना नाही. त्यामुळे अशा वेळी जाणती गावं एकमेकांच्या वावरात पाळीपाळीने जातात. दहा-पंधरा जण एकाच ओळीत, एक माणूस वाकायचं काम न करता फक्त पाहणारा, दुपारी चारनंतर तुरीच्या कडेला कुणी नाही. पहिली पाळी ज्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या वावराची.