पेंग्विनच्या वजनाची नोंद

पूर्व अंटार्क्टिकात, मॉसन या ऑस्ट्रेलियन ठाण्याजवळ, बेशरवेझ नावाचं एक छोटं खडकाळ बेट आहे. तिथे अ‍ॅडेली पेंग्विनांची वसाहत आहे. वसाहतीतून समुद्राकडे उतरणारी वाट एका ठिकाणी कुंपण घालून अरुंद केली आहे आणि त्या अरुंद जागी वजनकाटा बसवला आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे यंत्र तिथे आलं. पेंग्विन त्याच्यावरून नेहमीच्या चालीने जातो, त्याला कुणी धरत नाही की थांबवत नाही. काटा चालत्या पक्ष्याचंच वजन घेतो. काही पक्ष्यांच्या कातडीखाली बारीक इलेक्ट्रॉनिक खूण बसवलेली असते, त्यावरून कोण गेला ते कळतं. वाटेवरच्या दोन अदृश्य किरणांपैकी कोणता आधी तुटला, यावरून तो समुद्राकडे निघालाय की घरट्याकडे, हेही कळतं.

एवढ्याशा नोंदीतून बरंच काही हाती लागतं. तोच पक्षी जाताना किती वजनाचा होता, येताना किती, आणि मध्ये किती दिवस गेले. येतानाचं जादा वजन म्हणजे पिलासाठी पोटात आणलेला घास. फेरी लांबली आणि घास लहान झाला, तर समुद्रात अन्न दूर गेलंय किंवा कमी झालंय. हा हिशोब बोटीवरून मांडायचा तर आठवडेच्या आठवडे समुद्रात काढावे लागतील. इथे पेंग्विन तो रोज मांडून दाखवतो.

तो घास मुख्यतः क्रिलचा. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, सुमारे सहा सेंटिमीटर लांबीचा आणि जेमतेम दोन ग्रॅम वजनाचा जीव. आपल्याकडच्या जवळ्यापेक्षा बराच मोठा, करंदीच्या मापाचा. पण त्याचे थवे असे दाट असतात की समुद्राचं पाणी लालसर दिसतं. देवमासे, सील, पेंग्विन, अल्बट्रॉस, मासे, सगळे या ना त्या वाटेने त्याच्यावर जगतात. आणि १९७० च्या दशकापासून माणसानेही त्याच्यावर जाळं टाकलं. आज त्याचं तेल कॅप्सूलमध्ये जातं आणि भुकटी पाळीव सामन माशांच्या खाद्यात.

दक्षिण महासागरात माणूस काय करतो, याचा अनुभव जगाला आधीच आला होता. आधी सील गेले, मग देवमासे. १९६९-७० च्या एकाच हंगामात दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती सोव्हिएत बोटींनी संगमरवरी रॉककॉड जातीचे सुमारे चार लाख टन मासे काढले आणि तो साठा कोसळला. क्रिलचंही तसंच झालं तर एकच जीव जाणार नाही, सगळी साखळीच जाईल, या भीतीतून १९८० मध्ये कॅनबेराला एक करार झाला आणि १९८२ मध्ये तो अमलात आला. त्यातून अंटार्क्टिक सागरी सजीव संपदा संवर्धन आयोग उभा राहिला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे कॅमलार म्हणतात. कचेरी टास्मानियातल्या होबार्ट शहरात.

या कराराचं दुसरं कलम मला फार मोलाचं वाटतं. मासेमारी करा, पण ज्या जिवाला पकडता त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या जिवांचाही विचार करा, आणि दोन-तीन दशकांत भरून निघणार नाही असा बदल होऊ देऊ नका, असं ते सांगतं. क्रिलच्या बाबतीत याचा अर्थ अगदी आकड्यात उतरवला आहे. टूथफिशसारख्या माशाचा मूळ साठ्याच्या निम्मा भाग राहिला पाहिजे असं धरलं जातं, क्रिलचा मात्र ७५ टक्के. तो वरचा वाटा पेंग्विनांचा, सीलांचा, देवमाशांचा. दुसऱ्या जिवांच्या जेवणाचा वाटा आधी बाजूला काढून मग आपलं ताट वाढून घ्यायचं, असा नियम मासेमारीच्या कायद्यात फार थोड्या ठिकाणी सापडतो.

पण तो वाटा त्यांना खरंच मिळतो का, हे तपासणार कोण? त्यासाठी १९८५ मध्ये आयोगाने परिसंस्था निरीक्षण कार्यक्रम ठरवला. ठरावीक वसाहती, ठरावीक जाती आणि मोजण्याची एकच ठरलेली पद्धत. पेंग्विन वसंतात परततात तेव्हाचं वजन, पहिली अंडी उबवण्याची पाळी किती दिवसांची, किती जोड्या बसल्या, किती पिल्लं जगली, पिल्लू समुद्रात उतरताना केवढं होतं, आणि मादी सील पिलाला किनाऱ्यावर ठेवून किती दिवस समुद्रात राहिली. कुठल्याही देशाचा माणूस असो, मोजणी अशीच. त्यामुळे पन्नास वर्षांनीही आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील.

कार्यक्रमापुढे दोन कामं ठेवली होती. महत्त्वाचा बदल झाला तर तो टिपणं, आणि तो मासेमारीमुळे झाला की निसर्गाच्या चढउतारामुळे, हे वेगळं करणं. पहिलं काम चिकाटीचं. दुसरं फार अवघड. १९९४-९५ च्या उन्हाळ्यात ते किती अवघड आहे हे बेशरवेझवर दिसलं. आईबाप पेंग्विनांच्या फेऱ्या लांबत गेल्या. पिल्लं उपाशी राहिली आणि त्या हंगामात जवळपास एकही जगलं नाही. बेट मेलेल्या पिलांनी भरलं. पण त्या भागात तेव्हा क्रिलची मासेमारी नगण्य होती. म्हणजे जवळच्या पाण्यातला क्रिल आपोआपच कमी झाला होता. तेव्हा तिथे बोटी असत्या तर दोष त्यांच्यावर आला असता, कदाचित चुकीने. आणि उलट, जिथे बोटी आहेत तिथे "हा निसर्गाचाच फेरा" म्हणून हात झटकणंही तितकंच सोपं आहे.

म्हणूनच दशकानुदशकं सलग मोजत राहावं लागतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज आणि लिव्हिंगस्टन बेटांवर अमेरिकेने तीसहून अधिक वर्षं पेंग्विन मोजले. २०२० मध्ये जॉर्ज वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी मासेमारीच्या आणि हवामानाच्या आकड्यांशेजारी ठेवल्या. तेव्हा दिसलं की एखाद्या लहान भागातून क्रिलचा मोठा वाटा उचलला गेला, तर पेंग्विनांना तितकाच फटका बसतो जितका वाईट हवामानाच्या वर्षी बसतो. सगळ्या प्रदेशाच्या साठ्याशी तुलना केली तर पकड किरकोळ. पण पेंग्विन सगळ्या प्रदेशात जेवत नाही. तो घरट्यापासून पोहून परत येता येईल तेवढ्याच पाण्यात जेवतो.

मोजणीचं फळ काय मिळतं, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण भटक्या (वाँडरिंग) अल्बट्रॉसचं. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत तीन मीटरहून जास्त, दोन वर्षांतून एकदा एकच अंडं, आणि पिल्लू घरट्यात सुमारे नऊ महिने. दक्षिण जॉर्जियाच्या टोकाशी बर्ड आयलंडवर ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेची माणसं १९६० च्या दशकापासून हे पक्षी मोजताहेत. संख्या निम्म्याहून खाली आली आहे. कारण त्यांना घरट्यांपाशी सापडलं: पक्ष्यांनी पोटातून ओकलेले गळ आणि दोऱ्यांचे तुकडे. टूथफिशसाठी बोटी हजारो गळ लावलेली लांबच लांब दोरी सोडत. बुडण्याआधी आमिष लाटांवर तरंगे, अल्बट्रॉस झडप घाली, गळ चोचीत अडके आणि दोरीबरोबर पक्षी खाली ओढला जाई.

१९९० च्या दशकात या पाण्यात असे हजारो पक्षी मरत होते. मग आयोगाने नियम केले. दोरीला वजन बांधा म्हणजे ती चटकन बुडेल. दोरी रात्रीच सोडा. बोटीच्या मागे रंगीत फडफडत्या पट्ट्यांची दोरी बांधा, ही युक्ती जपानी ट्यूना कोळ्यांची. दोरी सोडताना माशांची आतडी-डोकी पाण्यात टाकू नका. दक्षिण जॉर्जियाभोवती मासेमारी हिवाळ्यापुरतीच ठेवली गेली. नियम पाळले जातात की नाही हे बघायला बोटीवर शास्त्रीय निरीक्षक बसू लागला. ती पद्धत १९९२ मध्ये ठरली होती. आता त्या भागातल्या नियमित मासेमारीत अल्बट्रॉस मरण्याचं प्रमाण जवळपास शून्यावर आलंय. तरी पक्षी पूर्वीइतके झालेले नाहीत, कारण ते उत्तरेला दुसऱ्यांच्या पाण्यात उडत जातात आणि तिथे ट्यूनाच्या दोऱ्या आहेत.

क्रिलच्या बोटींवरही निरीक्षक असतो. थंडगार प्रयोगशाळेत टेबलावर क्रिलचा ढीग घेऊन तो एकेकाची लांबी मोजतो, नर की मादी पाहतो, जाळ्यात चुकून आलेली माशांची बारीक पिल्लं वेचून काढतो. मग डेकवर जाऊन जाळ्याच्या तारांना पक्षी आदळतात का ते बघत उभा राहतो. २०२१ मध्ये कुबडे देवमासे क्रिलच्या जाळ्यात मेल्याची नोंद झाली ती याच व्यवस्थेमुळे.

निर्णय मात्र एकमतानेच होतात आणि सध्या तिथेच अडलंय. द्वीपकल्पाभोवतीच्या आणि शेजारच्या पाण्यात क्रिलची पकड ६,२०,००० टनांवर थांबते. ही पकड चार भागांत वाटून देणारा नियम होता, म्हणजे बोटी एकाच जागी गर्दी करणार नाहीत. २०२४ मध्ये त्याची मुदत संपली आणि नवा नियम ठरला नाही. २०२५ च्या हंगामात बोटी द्वीपकल्पाच्या पाण्यात एकवटल्या, ६,२०,००० टनांचा आकडा पहिल्यांदाच गाठला गेला आणि ऑगस्टमध्येच मासेमारी बंद करावी लागली. वॉटर्स यांच्या आकड्यांनी ज्याची धोक्याची सूचना दिली होती, नेमकी तीच गर्दी. माहिती हाताशी असूनही असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटतं.

भारत १९८६ पासून या आयोगाचा सदस्य आहे. १९९५-९६ मध्ये आपलं 'सागर संपदा' जहाज क्रिलच्या शोधात दक्षिण महासागरात जाऊन आलं. २०२१ मध्ये पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रात संरक्षित क्षेत्रं करण्याच्या प्रस्तावांना भारताने साथ दिली, ते अजून अडलेले आहेत. गोव्यात वास्को द गामा शहरातल्या हेडलँड सड्यावरची ध्रुवीय आणि महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था ज्या भारती ठाण्याचा कारभार बघते, ते ठाणं प्रिड्झ उपसागराच्या काठावर आहे. आयोगाच्या निरीक्षण कार्यक्रमाने सुरुवातीपासून निवडलेल्या तीन प्रदेशांपैकी हा उपसागर एक. तेव्हा गोव्याला हा विषय परका नाही.

आयोगाची वार्षिक बैठक ऑक्टोबरात भरते. शिष्टमंडळं होबार्टला दोन आठवडे बसतात, मसुद्यातल्या एकेका शब्दावर घासाघीस चालते. त्याच दिवसांत अ‍ॅडेली पेंग्विन हिवाळा संपवून समुद्रावरचा बर्फ तुडवत परत येत असतात. नर आधी येतात, मागच्या वर्षीच्या जागी दगड गोळा करू लागतात. अंडं आल्यावर पहिली पाळी त्यांचीच, तोवर आणि त्यानंतरही कित्येक दिवस पोटात काही पडणार नाही. उपासाला बसताना अंगावर किती चरबी होती, त्याची नोंद ते वसाहतीत पोचतात तेव्हाच होते.