माय गेली रोवणीले

तिरोड्यातल्या आठवी-नववीच्या मुलांना गाणं ऐकायला सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्रभर दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं चालतात. जुन्या चालीत यंदाचे शब्द बसवणारा शाहीर त्यांनी जवळून पाहिलेला असतो. तरीही संगीताच्या तासाला 'चाल तुम्ही लावा' म्हटलं की वर्ग गप्प होतो. शाळेत संगीत म्हणजे सरांनी म्हटलेलं तसंच म्हणायचं, ही सवय फार खोल गेली आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सुरुवातीच्या परीक्षांनाही ठरलेले राग आणि बंदिशीच म्हणाव्या लागतात. गळा तयार व्हायला ते हवंच. पण स्वररचना हा वेगळा अभ्यास आहे आणि तो याच वयात सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पेटी बंद ठेवून सुरुवात करतो. आधी ओळ हवी, तीही मुलांचीच. यंदा एका मुलीनं लिहिलं, 'माय गेली रोवणीले', म्हणजे आई भातलावणीला गेली. ही ओळ आम्ही नुसती बोललो, मग टाळीवर बोललो. आठ अक्षरं आहेत, केरव्याच्या आठ मात्रांत एकेक अक्षर नीट बसतं. पण तशी म्हटली की माय बांधावरून झपाझपा चालली आहे असं वाटतं. मग दादरा घेतला. 'मा ऽ य, गे ली ऽ' हे पहिलं आवर्तन, 'रो ऽ व, णी ले ऽ' हे दुसरं. आता 'माय' समेवर आणि 'रोवणी'ही समेवर. तीच ओळ संथ झाली, झुलायला लागली. कोणता ताल 'बरोबर' हे मी सांगत नाही. माय कशी चालली आहे हे ठरवा, ताल आपोआप ठरतो. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' असं पुस्तकच लिहिलं. त्या विचाराची पहिली पायरी मला या टाळीत दिसते.

आता पेटी. पाचच स्वर देतो: सा रे ग प ध, म्हणजे भूपाचे. यात शेजारच्या दोन स्वरांत कुठेही अर्ध्या स्वराचं अंतर नाही, त्यामुळे नवख्या हातून फारसं खटकणारं काही निघत नाही आणि धीर वाढतो. कारण आणखीही एक आहे. या वयात मुलांचे आवाज फुटतात. मुली काळी चार-पाचमध्ये सहज गातात, मुलांना काळी एक-दोन लागते, आणि आवाज फुटत असताना तिथेही वरचा सा हाती लागत नाही. म्हणून रचना खालच्या धपासून मधल्या धपर्यंतच ठेवायची. ही मर्यादा फार उपयोगी पडते. स्वर थोडे असले की कुठे थांबायचं याचा विचार करावाच लागतो. पहिली ओळ पंचमावर सोडली तर ती पुढच्या ओळीची वाट पाहते, षड्जावर आणली तर बोलणं संपतं. मुलांना हे एकदा ऐकवलं की पुरतं.

खरा तास रंगला तो एका मुलाच्या बोटामुळे. त्यानं शुद्ध गंधाराऐवजी कोमल गंधार दाबला. बाकीचे चार स्वर तेच, पण भूपाची शिवरंजनी झाली आणि वर्ग एकदम हलला. कुणाला ते फारच आवडलं. ओळ लिहिणारी मुलगी मात्र चिडली. "सर, माय का रडत जाते का रोवणीले? बाया गाणे म्हणतच जातात." मागच्या बाकावरून उत्तर आलं, "साजंले येते तवा कंबर धरून येते." दिवसभर चिखलात वाकून भाताचे पऱ्हे लावणाऱ्या बाया या दोघांच्याही घरात आहेत. दोघंही खरंच बोलत होते. स्वररचनेचा अभ्यास म्हणतात तो हाच, असं मला तिथे वाटलं. एका स्वरावरून आपली आई कशी दिसते, याचा वाद.

शेवटी त्यांनी सकाळच्या या ओळीला शुद्ध आणि पुढे येणाऱ्या संध्याकाळच्या ओळीला कोमल गंधार ठेवायचं ठरवलं. भूपाच्या किंवा शिवरंजनीच्या चौकटीत हे बसणार नाही, सुगम संगीतात चालतं. माझी अट एकच: बदल का केला ते सांगता आलं पाहिजे.

मग लिहून काढणं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मोकळं व्हावं असं मुलांना वाटतं, पण मी भातखंडे पद्धतीनं वहीत लिहायलाच लावतो. कोमल स्वराखाली आडवी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, समेला फुली, खालीला शून्य. पंडित भातखंड्यांनी (१८६०–१९३६) ठिकठिकाणच्या घराण्यांच्या चिजा मिळवून कागदावर उतरवल्या, त्याच खुणांनी तिरोड्याची मुलगी स्वतःची ओळ उतरवते. लिहिताना तिला कळतं की कागदावर 'ले'ला दोन मात्रा आहेत, आणि म्हणताना मात्र आपण प्रत्येक वेळी तीन घेतो. ते दुरुस्त करायचं की कागद बदलायचा, हे तिनं ठरवायचं.

संध्याकाळची ही दुसरी ओळ काहींना पोवारीत हवी आहे. त्या बोलीत वाक्य पुष्कळदा 'से'वर संपतं. तो लांब स्वर धरून ठेवायला गळ्याला सोपा आहे, त्यामुळे शेवटचा मुक्काम पुन्हा बघावा लागेल. अंतरा बाकी आहे. मुलांच्या आवाजाला झेपेल म्हणून तो पंचमावरूनच उचलायचा, एवढं मात्र ठरलं आहे.