विश्लेषण : आर्क्टिकचे वॉलरस युरोपच्या बंदरांत का येतात?

नॉर्वेची राजधानी ऑस्लोजवळच्या खाडीत २०२२च्या उन्हाळ्यात सुमारे ६०० किलो वजनाची वॉलरस मादी मुक्कामाला आली. लोकांनी तिचे नाव ठेवले फ्रेया. ऊन खायला ती नांगरलेल्या होड्यांवर चढे; काही होड्या तिच्या वजनाने बुडाल्याही. १४ ऑगस्टला सरकारी मत्स्य विभागाने तिला ठार केले.

होड्याच का?

वॉलरस हा सीलचा सुळेवाला, मिशाळ नातेवाईक. आर्क्टिकच्या उथळ समुद्रात तळाचे शिंपले खायचे आणि दमल्यावर तरंगत्या बर्फावर किंवा किनाऱ्यावर निजायचे, हा त्याचा दिनक्रम. बंदरात बर्फ कुठला? मग होडीच सोयीची.

वाट चुकतात का?

एकेका प्राण्याबाबत छातीठोकपणे सांगता येत नाही. आर्क्टिकमधील उन्हाळी बर्फ गेल्या चार दशकांत झपाट्याने घटला, त्यामुळे हवामान बदलाकडे बोट दाखवले जाते. मात्र असे पाहुणे ब्रिटनच्या किनाऱ्यांवर पूर्वीही आले आहेत. शिवाय ‘चुकले’ म्हणणेही घाईचेच. ‘वॉली’ नावाचा तरुण नर मार्च २०२१मध्ये आयर्लंडला दिसला. तिथून वेल्स, फ्रान्स करत थेट स्पेनपर्यंत गेला. इंग्लंडच्या सिली बेटांवर होड्या वाचवण्यासाठी त्याला स्वतंत्र तराफाच देण्यात आला! सप्टेंबरमध्ये तो आइसलँडला आढळला. अंगावरच्या व्रणांवरून ओळख पटली. उत्तरेचा रस्ता त्याचा त्यालाच सापडला होता.

मग फ्रेयाला का मारले?

लोक ऐकेनात म्हणून, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. वारंवार इशारे देऊनही बघे मुलाबाळांसह, मोबाइल सरसावून तिच्या अगदी जवळ जात होते. तिने कुणाला जखमी केले असते तर? भूल देऊन हलवणेही जोखमीचे ठरले, कारण गुंगीत पाण्यात पडलेला वॉलरस बुडू शकतो. ही भीती अगदीच अनाठायी नव्हती. चारच दिवस आधी फ्रान्समध्ये सीन नदीत अडकलेला बेलुगा हा पांढरा देवमासा जाळ्याने उचलून शीतवाहनातून समुद्राकडे नेला जात होता. वाटेत त्याचा श्वास खालावला आणि त्याला दयामरण द्यावे लागले. नॉर्वेचे पंतप्रधान योनास गार स्टोरे यांनी फ्रेयाबाबतचा निर्णय योग्य ठरवला. तरीही गर्दी हटवण्याऐवजी प्राणीच हटवला, हा टीकाकारांचा आक्षेप खोडणे कठीण आहे. २०२३मध्ये ऑस्लोत फ्रेयाचा पुतळा उभा राहिला.

दुसरा मार्ग होता का?

फ्रेयाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, डिसेंबर २०२२च्या अखेरीस, ‘थॉर’ हा वॉलरस इंग्लंडमधील स्कारबरोच्या बंदरात विसावला. पाहायला गर्दी तिथेही झाली. पण त्याच्याभोवती कडे करून लोकांना लांब ठेवण्यात आले आणि ३१ डिसेंबरची आतषबाजी नगर प्रशासनाने चक्क रद्द केली. त्याच दुपारी, झोप झाल्यावर, थॉर आपण होऊन समुद्रात उतरला. फेब्रुवारीत तो आइसलँडच्या किनाऱ्यावर दिसला.