थायमस : म्हातारपणाआधीच म्हातारी होणारी ग्रंथी

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर, दोन पाळ्यांची एक मऊ ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात तिला यौवनलोपी ग्रंथी म्हटले आहे, डॉक्टर मंडळी थायमस म्हणतात. तान्ह्या बाळाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये ती ठळक दिसते. वयात येईपर्यंत तिचे वजन ३० ते ४० ग्रॅमपर्यंत जाते आणि मग तिची जागा चरबी घेऊ लागते. तिच्यातल्या कामकरी पेशींची घट तर त्याच्याही कितीतरी आधी, बालपणातच सुरू झालेली असते. बाकीचे शरीर ऐन भरात असताना ही ग्रंथी उतरणीला लागते, आणि म्हातारपणी साधा फ्लूही जिवावर का बेतू शकतो याचे बरेचसे उत्तर या उतरणीत आहे.

या झिजण्यामुळे वैद्यकाची मोठी फसगत झाली. शवविच्छेदनाच्या टेबलावर येणारे देह बहुधा वृद्धांचे आणि दीर्घ आजाराने गेलेल्या गरिबांचे असत. आजारपण आणि उपासमार यांनीही थायमस आक्रसते, त्यामुळे आक्रसलेली ग्रंथी हीच प्रमाण मानली गेली. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळाची ग्रंथी डॉक्टरांना ‘वाढलेली’ वाटे, आणि तिनेच बाळाचा श्वास कोंडला असा निष्कर्ष निघे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत कितीतरी बाळांच्या छातीवर ही ग्रंथी लहान करण्यासाठी क्ष-किरण सोडण्यात आले. १९५० मध्ये डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांचा पूर्वेतिहास तपासला, तेव्हा त्यांतल्या अनेकांना तान्हेपणी हे किरण दिल्याचे आढळले. निरोगी अवयवावर केलेला हा उपचार होता, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. वैद्यकाच्या इतिहासातले हे पान प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायला हवे असे मला मनापासून वाटते.

थायमसचे खरे काम उलगडले ते १९६१ मध्ये. फ्रान्समध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला जॅक मिलर हा तिशीचा डॉक्टर लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करत होता. त्यासाठी तो नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढून टाकी. ती पिल्ले काही आठवडे वाढत, मग खंगत आणि मरत. त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी फारच कमी झालेल्या होत्या. दुसऱ्या जातकुळीच्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली तर ती झडून न पडता रुजे आणि तिच्यावर केसही उगवत. परके ओळखण्याची शक्तीच त्यांच्यात उरली नव्हती.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांना हे पटले नाही. पिल्ले जंतुसंसर्गाने खंगली असतील, असा आक्षेप आला. १९६३ मध्ये पाठ्यवृत्ती मिळवून मिलर अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे गेला आणि तिथे त्याने पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांवर हाच प्रयोग केला. हे उंदीर खंगले नाहीत, पण परकी कातडी त्यांनीही स्वीकारली. आक्षेपातला खरा भाग आणि शोधातला खरा भाग एकाच प्रयोगाने वेगळे करून दाखवले. पीएच.डी.नंतरची ती एक-दोन वर्षे नवख्या संशोधकाला का द्यायची, असे कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देईन.

थायमसमध्ये घडतात त्या टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशींची इथे कडक परीक्षा होते. आपल्याच ऊतींवर उलटणाऱ्या पेशी बाद, काहीच न ओळखणाऱ्याही बाद. शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक इथेच मरतात. त्याहून नवल म्हणजे, ही परीक्षा घेण्यासाठी थायमसच्या काही पेशी ‘एअर’ नावाच्या जनुकाच्या मदतीने स्वादुपिंडाचे इन्सुलिनसुद्धा अल्प प्रमाणात तयार करतात, म्हणजे पुढे शरीरात जे जे भेटणार त्याची ओळख आधीच पटावी. हे जनुक बिघडले की शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला चढवते.

थायमस झिजली म्हणून टी-पेशी संपत नाहीत. आधी तयार झालेल्या पेशी विभागत राहतात आणि संख्या बऱ्यापैकी टिकते. कमी होते ती विविधता. अनेक वृद्धांच्या रक्तात सायटोमेगॅलो या एकाच जुन्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशींनी मोठी जागा व्यापलेली असते. नवा विषाणू आला की त्याला ओळखणारी ताजी पेशी मिळणे कठीण जाते. जुन्या शत्रूंवरची पकडही सैल होते. लहानपणी कांजिण्या आल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि टी-पेशी त्याला दाबून ठेवतात. हा पहारा ढिला पडला की उतारवयात नागीण उठते. नागिणीची जुनी, जिवंत विषाणूची लस सत्तरीपुढच्यांना ४० टक्क्यांपेक्षाही कमी संरक्षण देई. नव्या लशीत विषाणूचे एकच प्रथिन आहे, पण जोडीला चिलीतल्या एका झाडाच्या सालीतला अर्क घातलेला प्रतिकार-उत्तेजक आहे. तिने त्याच वयात सुमारे ९० टक्के संरक्षण दिले. २०२३ पासून ती भारतातही मिळते. थकलेल्या प्रतिकारशक्तीलाही योग्य हाक दिली तर ती उठते, याचा इतका चोख पुरावा दुसरा क्वचितच असेल.

मग थायमसच पुन्हा तरुण करता येईल का? २०१४ मध्ये एडिनबरोच्या क्लेअर ब्लॅकबर्न यांच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांत ‘फॉक्सएन१’ या एकाच जनुकाची क्रिया वाढवली आणि त्यांची थायमस पुन्हा वाढून नव्या टी-पेशी देऊ लागली. माणसात मात्र आकार वाढवून भागणार नाही. परीक्षेचा कडकपणाही परत यायला हवा, नाहीतर स्वतःवरच उलटणाऱ्या पेशी रक्तात सुटतील.

दरम्यान, प्रौढांची सुकलेली थायमस निरुपयोगी असते हा समजही डळमळला आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाट मोकळी करायला ती अनेकदा काढली जाते. बोस्टनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा हजाराहून अधिक प्रौढांची तुलना, छातीची शस्त्रक्रिया होऊनही थायमस शाबूत राहिलेल्यांशी केली. पाच वर्षांत पहिल्या गटातले ८.१ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यातले २.८ टक्के. कर्करोगाचे प्रमाणही पहिल्या गटात जवळपास दुप्पट होते. ही जुन्या नोंदींवरून केलेली तुलना असल्याने कार्यकारणभाव तिने पक्का सिद्ध होत नाही, तरी शक्य असेल तिथे ही ग्रंथी जागच्या जागी राहू द्यावी असा सल्ला संशोधकांनी शल्यविशारदांना दिला आहे.