पाण्याखालचे पाते आणि माणचा वारा

विंडसर्फिंग हा शिडाच्या बळावर फळीवर उभे राहून पाणी कापत जाण्याचा खेळ असून, त्यातील शीड होडीच्या शिडासारखे एका जागी घट्ट रोवलेले नसते, तर सर्व दिशांना झुकणाऱ्या लवचिक सांध्याने बोर्डला जोडलेले आणि खेळाडूच्या हातांनी तोललेले असते. वाऱ्याने या शिडावर निर्माण होणाऱ्या बलाचा लहान भाग बोर्डला पुढे नेतो आणि मोठा भाग त्याला आडवे ढकलू पाहतो. बोर्डच्या मागच्या टोकाखाली, माशाच्या पराप्रमाणे पाण्यात उभे असलेले जे अरुंद पाते हे आडवे ढकलले जाणे रोखते, त्याला फिन म्हणतात. तिला सुकाणू समजण्याची चूक सर्रास होते. वास्तविक बोर्डची दिशा शीड पुढे-मागे कलवून आणि पायांनी बोर्डची कड दाबून बदलली जाते, फिन मात्र जागची हलत नाही.

फिन आपले काम केवळ आडवी येऊन करीत नाही. बोर्ड नाकाच्या रेषेत न जाता अगदी थोडा तिरका, वाऱ्याच्या खालच्या बाजूला घसरत जातो, त्यामुळे समोरून येणारे पाणी फिनला काही अंशांच्या कोनात भेटते, तिच्या एका बाजूला दाब कमी व दुसऱ्या बाजूला जास्त होतो, आणि विमानाच्या पंखावर वरच्या दिशेने निर्माण होणारे उत्थापक बल येथे आडवे निर्माण होते. हे बल द्रवाच्या घनतेच्या, पात्याच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाणी हवेच्या आठशेपटींहून अधिक घन असल्यामुळे सात चौरस मीटरच्या शिडाला त्याच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकी, म्हणजे ४० सेंटिमीटर लांब आणि सरासरी साडेआठ सेंटिमीटर रुंद फिन पुरते.

फिनचे माप शिडाच्या मापावरून ठरवावे, हा प्रचलित सल्ला असून साध्या विरंगुळ्याच्या बोर्डसाठी शिडाच्या चौरस मीटरांना सहाने गुणून येणारा आकडा सेंटिमीटरमध्ये फिनची लांबी समजला जातो. हा अंदाज सुरुवातीला उपयोगी पडतो, पण त्यामागचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते. मोठे शीड म्हणजे मोठा आडवा जोर, असे ते कारण. प्रत्यक्षात या जोराची मर्यादा शीड नव्हे, तर खेळाडूचे शरीर ठरवते. ७५ किलो वजनाचा खेळाडू कंबरेच्या हार्नेसला भार देऊन बाहेर झुकला आणि त्याचा गुरुत्वमध्य बोर्डच्या मध्यरेषेपासून एक मीटर दूर गेला, तर पावणेदोन मीटर उंचीवर एकवटलेला वाऱ्याचा सुमारे ४३ किलोभाराइतकाच आडवा जोर तो तोलू शकतो. त्याहून जास्त जोर आला, की त्याला शीड सैल सोडावे लागते किंवा पाण्यात पडावे लागते. शीड पाच चौरस मीटरांचे असो वा आठ, ही मर्यादा फारशी बदलत नाही. उलट मोठ्या शिडाचा जोर अधिक उंचीवर एकवटत असल्यामुळे ती किंचित कमीच होते.

मग मोठ्या शिडाला मोठी फिन का लागते? उत्तर वेगात आहे. मोठे शीड मंद वाऱ्यात लावले जाते, मंद वाऱ्यात बोर्ड हळू चालतो, आणि वेग निम्मा झाला की त्याच फिनचे बल त्याच कोनात चौथाईवर येते. वरची ४० सेंटिमीटरची फिन ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाताना ४३ किलोभाराचा जोर साधारण साडेतीन अंशांच्या कोनात सहज पेलते. ताशी १८ किलोमीटरला तेवढाच जोर पेलण्यासाठी तिला सुमारे १४ अंश तिरके व्हावे लागते, आणि तिथेच अशा पात्याची मर्यादा संपते. पाण्याचा प्रवाह कमी दाबाच्या बाजूवरून सुटतो, पृष्ठभागावरची हवा त्या पोकळीत खेचली जाते आणि बोर्डची शेपटी एकाएकी आडवी पळते. या प्रकाराला स्पिनआउट म्हणतात. म्हणून बोर्डने अजून वेग घेतलेला नसताना मागच्या पायाने जोर लावणाऱ्याची फिन नेहमीच ‘लहान’ ठरते, मग तिचे माप काहीही असो.

फार मोठी फिन घेतल्यानेही सुटका होत नाही. वेग वाढला की तिचे आडवे बल बोर्डखाली खोलवर लागून बोर्डची वाऱ्याकडची कड वर उचलू लागते, आणि ती कड खाली धरून ठेवण्यासाठी खेळाडूजवळ स्वतःच्या टाचांशिवाय दुसरे साधन नसते. बोर्ड जितका रुंद, तितक्या टाचा मध्यरेषेपासून दूर आणि तितकी त्यांची तरफ मोठी. म्हणून फिन निवडताना शिडाआधी बोर्डच्या शेपटीकडील रुंदी पाहावी, हे अधिक शास्त्रशुद्ध होय. जवळजवळ एक मीटर रुंदीच्या फॉर्म्युला जातीच्या बोर्डला ७० सेंटिमीटरची फिन शोभते. २००८ ते २०२० या काळातील ऑलिंपिकमधल्या ९३ सेंटिमीटर रुंद आरएस:एक्स बोर्डवर पुरुषांसाठी ६६ सेंटिमीटरची फिन होती. तीच फिन ६० सेंटिमीटर रुंद बोर्डला लावली तर तो पाण्यावर टिकणारच नाही. दुसऱ्या टोकाला निव्वळ वेगाचे बोर्ड आहेत. फ्रान्सच्या आंत्वान आल्बो याने २०१५ मध्ये नामिबियातील ल्युडेरिट्झ येथे ५०० मीटर अंतरावर ५३.२७ नॉट, म्हणजे ताशी जवळपास ९९ किलोमीटर, असा सरासरी वेग नोंदवला. अशा वेगाला पाण्याचा दाब इतका वाढतो की तळहाताएवढे पाते पुरते आणि त्याहून मोठे पाते केवळ अडथळा ठरते.

क्षेत्रफळाइतकाच आकारही निर्णायक असतो. पात्याच्या टोकाशी जास्त दाबाकडचे पाणी कमी दाबाकडे वळसा घेऊन भोवरा तयार करते आणि त्या भोवऱ्यात शक्ती वाया जाते. पाते लांब व अरुंद असेल तर हा तोटा कमी होतो. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात बोथेच्या डोंगरमाथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पाती लांब आणि निमुळती असतात, त्यामागे हाही हिशेब असतो. आखूड व रुंद पाते अधिक विरोध सोसते, मात्र ते मोठ्या कोनापर्यंत प्रवाह धरून ठेवते आणि उथळ पाण्यात चालते.

माणचे उदाहरण येथे विशेष उद्बोधक आहे, कारण वारा आणि पाणी यांची या भागात क्वचितच गाठ पडते. जून ते ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस सांडून कोरडेच पुढे सरकतात आणि माणच्या पठारावर जोराने वाहतात. पवनचक्क्यांच्या वीजनिर्मितीचा भर याच महिन्यांत असतो, पण तालुक्याचा भरवशाचा पाऊस मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या मोसमात पडतो. त्यामुळे म्हसवडजवळ, सातारा-सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर माण नदी अडवून १८७६च्या दुष्काळी कामांतून उभ्या राहिलेल्या राजेवाडी तलावासारख्या ठिकाणी, वारा भरात असतो तेव्हा पाणी बहुधा तळाला गेलेले असते, आणि तलाव भरतो तेव्हा वारा पडलेला असतो. किनाऱ्यावर गणित उलटे आहे. कोकण-गोव्यात पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने हा खेळ बंद राहतो आणि हिवाळ्या-उन्हाळ्यातील दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर, खोल पाण्यात, मोठ्या शिडासह लांब फिन चालते. अंतर्गत जलाशय या खेळाला वर्ज्य आहेत असे मात्र नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारा इबाद अली भोपाळच्या तलावावर घडला.

राजेवाडीवर जुलैच्या वाऱ्यात बोर्ड उतरवायचा झाला, तर शीड लहान, वेग चांगला आणि म्हणून फिन लहान, हा वरचा हिशेब लागू पडेलच. पण पाणी मांडीभर असेल आणि तळाला गाळ, बुडालेल्या बाभळीची खोडे व पाणगवत असेल, तर ३० सेंटिमीटरची उभी फिनही धोक्याची ठरते, कारण ती खोडात अडकताच बोर्ड जागीच थांबतो आणि खेळाडू शिडासकट पुढे फेकला जातो. अशा पाण्यात मागे ४५ अंश किंवा त्याहून अधिक झुकलेली गवती फिन वापरतात. तिच्या कलत्या कडेवरून गवत घसरून जाते, पण कल दिल्याने पात्याची कार्यक्षमता घटत असल्यामुळे तिचे क्षेत्रफळ नेहमीच्या फिनहून थोडे अधिक ठेवावे लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरची विरळ हवा आणि समुद्राहून अडीच टक्के हलके गोडे पाणी यांचाही विचार काही हौशी मंडळी करतात. हवेतली घट पाण्यातल्या घटीहून थोडी अधिक असली, तरी तिने फिनच्या मापात सेंटिमीटरचाही फरक पडत नाही.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आयक्यूफॉइल हा प्रकार आला, ज्यात बोर्ड ९५ सेंटिमीटरच्या खांबाखालील पंखांवर पाण्याबाहेर उचलला जातो. त्याला मीटरभराहून अधिक खोल, स्वच्छ पाणी हवे, तेव्हा माणच्या पावसाळी तलावांत त्याचा विचारही नको. येथे दोनच फिन घ्यायच्या असतील, तर एक २६ ते २८ सेंटिमीटरची झुकलेली आणि दुसरी, तलाव भरल्यानंतरच्या मंद वाऱ्यासाठी, ४० सेंटिमीटरच्या आसपासची उभी असावी. खरेदीनंतर माप बदलत नाही, पण कड बदलते: दगडाला घासून पुढच्या कडेला पडलेला गव्हाच्या दाण्याएवढा खाचाही हवा आत खेचायला पुरेसा असतो, आणि नीट निवडलेली फिनही त्यामुळे वेळेआधी सुटू लागते. काचतंतूंच्या फिनवरचा असा खाचा इपॉक्सीने भरून, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून कडेच्या लांबीच्या दिशेने घासावा. कोरडे घासल्यास काचेची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाते.