घाटावरच्या राज्याचे गलबत

शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर हे परगणे होते. सुपे आज बारामती तालुक्यात येते. भीमा-नीरेकाठच्या या मुलखाचा समुद्राशी संबंध नव्हता. तरीही याच जहागिरीत वाढलेल्या शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर जहाजे बांधायला घेतली. त्यांच्या आरमारात संख्येने भरणा गलबतांचा. मोठी जहाजे परवडत नव्हती म्हणून गलबते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते मला पुरेसे वाटत नाही. पैशाची चणचण असेलही, पण गलबत लहान ठेवण्यामागे लढाईचा पक्का हिशेब होता आणि खांदेरीच्या पाण्यात तो तपासून पाहता येतो.

इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गलबताचे वर्णन केले आहे: फार तर सत्तर टनांचे, दोन डोलकाठ्यांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. तोफा हलक्या. वारा पडला की शिडांवर चालणारे खोल बुडाचे जहाज जागीच अडकते. गलबत वल्ह्यांवर निघते आणि ओहोटीतही उथळ खाडीत शिरते. १६७९ च्या पावसाळ्याअखेर महाराजांच्या आरमारातील मायनाक भंडारींनी मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरच्या सकाळी मराठा आरमाराचा सरदार दौलतखान याची चाळीसहून अधिक गलबते त्यांच्यावर चालून गेली. इंग्रजांच्या लहान होड्या पांगल्या आणि ‘डव्ह’ ही गुराब (गलबताहून मोठे लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती पडली.

यावर आक्षेप ठरलेला आहे. ‘रिव्हेंज’ या एकाच लढाऊ जहाजाने, रिचर्ड केग्विनच्या हाताखाली, तोफांच्या माऱ्याने सगळा ताफा नागोठण्याच्या खाडीकडे पिटाळला. मग गलबताचा पराक्रम तो कोणता? समोरासमोरच्या माऱ्यात गलबत टिकत नसे, हे मान्यच केले पाहिजे. पण मराठ्यांना रिव्हेंज बुडवायची नव्हती, बेट जगवायचे होते. रात्रीच्या अंधारात दाणागोटा आणि माणसे खांदेरीला पोहोचत राहिली, भिंती चढत राहिल्या आणि पहाऱ्यावरची जहाजे ते थांबवू शकली नाहीत. होर्मुझच्या सामुद्रधुनीत जानेवारी २००८ मध्ये इराणच्या पाच वेगवान बोटी तीन अमेरिकन युद्धनौकांच्या अंगावर धावून गेल्या, तेव्हाही तोफांची तुलना करून त्या प्रसंगाचा अर्थ लागत नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरी बेटावर पाय रोवला आणि गलबतांना तो उखडता आला नाही. रसद पोहोचवणारी नौका शत्रूचा पक्का तट फोडू शकत नाही, ही या रचनेची खरी मर्यादा. ती ओळखूनही मराठ्यांनी मोठ्या जहाजांचा हव्यास धरला नाही. रामचंद्रपंत अमात्यांची ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरच्या ग्रंथातली शिफारस मध्यम गुराबांची आणि गलबतांचीच आहे. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारे अवजड जहाज बांधू नये, असे ते बजावतात. खांदेरीपुरते बोलायचे तर १६८० च्या आरंभी इंग्रज जहाजे माघारी गेली आणि तहात बेट मराठ्यांचे राहिले.