‘आते दिखस का?’

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलची इतकी दुकाने आहेत की नवखा माणूस एका जिन्याने चढतो आणि भलत्याच जिन्याने उतरतो. या दुकानांत गेली काही वर्षे एक प्रश्न सारखा कानावर येतो. ‘‘हा मोबाइल टीव्हीवर लागतो ना?’’ विचारणारा बहुधा साठीच्या आसपासचा असतो. फोनचा कॅमेरा किती भारी, त्यात जागा किती, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. मुलगा पुण्याला, मुलगी सुरतेला किंवा त्याहून लांब. त्यांचे फोटो, नातवंडांचे नाच, भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ असे सगळे त्या वीतभर काचेत येऊन पडलेले असते आणि चष्मा सापडेपर्यंत व्हिडिओ संपलेला असतो. भिंतीवर मात्र चांगला त्रेचाळीस इंची टीव्ही टांगलेला. ‘‘लागतो ना काका, बिनवायरीचा लागतो,’’ दुकानदार सांगतो. त्याचे म्हणणे खरे असते. पण कसा लागतो हे समजावून सांगायला गर्दीत त्याला सवड नसते, आणि घरी गेल्यावर काकांना विचारायला कोणी नसते. हा लेख त्या काकांसाठी आहे, आणि काकांपेक्षाही काकूंसाठी.

टीव्ही ‘लावणे’ हा उद्योग आपल्याला नवा नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण खान्देशातल्या घराघरांत टीव्ही यायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा ज्याच्याकडे टीव्ही होता त्याचे घर रविवारी सकाळी त्याचे राहत नसे. वारा आला, माकड आले की अँटेना फिरे. मग घरातला सर्वांत चपळ मुलगा धाब्यावर चढायचा आणि तिथून ओरडायचा, ‘‘आते दिखस का?’’ खालून उत्तर यायचे, ‘‘नही! मुंग्या दिखतस!’’ अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असा हा संवाद असे. चित्र स्थिर झाले की त्या मुलाला हाक मारून खाली बोलवायचे भान कोणाला नसे, हा भाग वेगळा.

आज गच्चीवर कोणी चढत नाही, पण प्रश्न तोच आहे. एवढेच नाही, तर लहरीही त्याच जातीच्या आहेत. अँटेना ज्या रेडिओ लहरी झेलत असे, त्यांचेच अधिक वेगाने कंप पावणारे भाऊबंद आपल्या वाय-फायमध्ये काम करतात. त्यांचे मुख्यतः दोन पट्टे. एकात सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने, दुसऱ्यात ५०० कोटींच्या पुढे. पहिला संथ, पण भिंत ओलांडून जाणारा. दुसरा चपळ, पण भिंत लागली की थकणारा. धुळ्यातल्या जुन्या वाड्यांच्या किंवा खेड्यातल्या धाब्याच्या घरांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती या लहरींना मानवत नाहीत. म्हणून ‘पुढच्या खोलीत दिसते, मागच्या खोलीत अडकते’ अशी तक्रार असली तर आधी टीव्हीला दोष देऊ नये. राउटर कुठे ठेवला आहे ते पाहावे. पुष्कळ घरांत तो कपाटामागे, मुले हात लावतील म्हणून लपवलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. फोन टीव्हीवर दाखवण्याचे दोन मार्ग आहेत आणि सारा घोळ हे दोन एकच समजल्यामुळे होतो. पहिल्याला मिररिंग म्हणतात. यात फोनवर जे दिसते तेच हुबेहूब टीव्हीवर दिसते, आरशासारखे. फोन क्षणोक्षणी आपले चित्र आवळून टीव्हीकडे पाठवत राहतो. त्यामुळे तो तापतो, बॅटरी खातो आणि चित्र किंचित मागे पडते. दुसरे कास्टिंग. यात फोन चित्र पाठवतच नाही. तो टीव्हीला फक्त पत्ता देतो की अमुक व्हिडिओ अमुक ठिकाणी आहे, तू आणून दाखव. टीव्ही तो थेट इंटरनेटवरून आणतो. मग फोन खिशात घालून भाजी आणायला गेलात तरी चालते. पंगतीच्या भाषेत सांगायचे तर मिररिंग म्हणजे शेवटपर्यंत भांडे हातात घेऊन वाढत राहणे आणि कास्टिंग म्हणजे आचाऱ्याला यादी देऊन मोकळे होणे.

या भेदातून बाकीचे आपोआप कळते. कास्टिंगसाठी फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. फोन स्वतःच्या डेटावर आणि टीव्ही घरच्या वाय-फायवर असला तर सहसा दोघांची ओळख पटत नाही. दहातल्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. यूट्यूबला मात्र एक पळवाट आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये बारा आकडी कोड मिळतो, तो फोनवरच्या यूट्यूबमध्ये घातला की दोघे वेगवेगळ्या जाळ्यांवर असले तरी जोडले जातात. याउलट मिराकास्ट नावाच्या पद्धतीने मिररिंग केले तर इंटरनेट लागतच नाही. २०१२ मध्ये आलेली ही पद्धत फोन आणि टीव्ही यांना राउटरशिवाय थेट जोडते. पारोळा, साक्रीकडच्या ज्या खेड्यांत रेंज मिळायला शेताच्या बांधावर जावे लागते, तिथेही फोनमध्ये साठवलेला लग्नाचा व्हिडिओ अख्ख्या भाऊबंदकीला टीव्हीवर दाखवता येतो. ही सोय फुकट आहे आणि घरात आधीच आहे, पण बहुतेकांना ठाऊक नाही.

नावांचा मात्र कंपन्यांनी पुरता गोंधळ घातला आहे. कोणी ‘स्मार्ट व्ह्यू’ म्हणतो, कोणी ‘स्क्रीन कास्ट’, कोणी ‘वायरलेस डिस्प्ले’. आयफोन मिराकास्ट ओळखत नाही, त्याला त्याचा ‘एअरप्ले’ समजणारा टीव्ही लागतो. काही अँड्रॉइड फोनही मिराकास्ट देत नाहीत. तेव्हा फोन विकत घेण्यापूर्वी दुकानातच त्यांच्या टीव्हीवर लावून दाखवायला सांगावे. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतोच की. टीव्ही स्मार्ट नसेल, पण मागे एचडीएमआयची खाच असेल तर तिथे बसणारी कांडी मिळते. गुगलची क्रोमकास्ट २०१३ मध्ये आली आणि २०२४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण तशी कामे करणारी इतर साधने बाजारात आहेत.

हे सगळे मी एवढ्या आग्रहाने सांगतो आहे, त्याला कारण माझ्या दोन आत्या. थोरली जळगावात, धाकटी धुळ्याला देवपुरात. मध्ये नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा रस्ता. पूर्वी अखाजीला, कानबाईच्या रोटांना दोघी भेटायच्याच. आता एकीचे गुडघे गेले आणि दुसरीला एसटीची पायरी चढवत नाही. म्हणून रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. धाकटीच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याने अंधुक दिसते. त्या कॉलमध्ये तिला बहिणीचा चेहरा सुपारीएवढा दिसे. खरे म्हणजे ती पाहत नव्हतीच, ऐकत होती. आणि थोरली रोज एकच सांगत होती, ‘‘बरी शे मी.’’

मागच्या दिवाळीत मी धुळ्याला गेलो असताना पुण्याहून आलेल्या तिच्या नातवाने आजीचा फोन टीव्हीला जोडला. कॉलच्या वेळी चित्र टीव्हीवर जाते, पण कॅमेरा फोनचाच राहतो आणि आवाजही बहुधा फोनमधूनच येतो. म्हणून त्याने फोन टीव्हीखालच्या टेबलावर पितळी तांब्याला टेकवून उभा केला. म्हणजे आजी टीव्हीकडे पाहील तेव्हा फोनलाही दिसेल. साधी युक्ती, पण तिच्यावाचून माणूस भलतीकडेच बघत बोलत राहतो.

थोरलीचा चेहरा भिंतीवर उमटला. धाकटी काही वेळ बोललीच नाही. पलीकडे थोरलीने कपाळावरचा केस मागे सारायला हात वर केला आणि तिची बांगडी मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरली.

‘‘कितली सुकी गई वो बाई तू!’’ धाकटी म्हणाली.

‘‘काई नही वो, बरी शे मी.’’

‘‘हात वर कर. अजून एकदा कर.’’

जळगावच्या सुनेने दुसऱ्याच दिवशी सासूला डॉक्टरांकडे नेले. हिमोग्लोबिन सातवर आले होते. टीव्हीने जीव वाचवला वगैरे मी म्हणणार नाही. रोज डोळ्यांसमोर असलेले माणूस तिळातिळाने वाळते तेव्हा घरच्यांना ते कळत नाही, आणि लांबच्याला कळायचे तर नीट दिसावे लागते. एवढेच तिथे घडले.

पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरशात आपल्याला हवे तेवढेच दिसत नाही. जळगावातल्या माझ्या एका परिचितांकडे साखरपुड्यानंतर व्याही मंडळी फोटो पाहायला बसली होती. नवरीमुलीचा हसरा फोटो टीव्हीवर, आणि त्याच्यावर अलगद उतरलेला कर्जाच्या थकलेल्या हप्त्याचा निरोप. चहा लवकर आटोपला. म्हणून मिररिंग करण्यापूर्वी फोनमधले ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करावे. मिररिंग चालू असताना पैशाचे व्यवहार करू नयेत, कारण पिन टाकताना बोट कुठे जाते हे सगळ्या खोलीला दिसू शकते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी यादीतले टीव्हीचे नाव नीट वाचूनच बोट टेकवावे. शेजाऱ्यांचा टीव्हीही त्याच यादीत असतो.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याला दोनदा सांगावी. आपल्या फोनचा पडदा आपल्या टीव्हीवर दाखवणे वेगळे आणि फोनवर बोलणाऱ्या अनोळखी माणसाला दाखवणे वेगळे. ‘बँकेतून बोलतो, स्क्रीन शेअर करा,’ असे कोणी म्हटले की तो चोर समजून फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. टीव्हीवर फोन लावायला शिकलेली माणसे ‘स्क्रीन शेअर’ या शब्दाला सरावतात, आणि त्याच शब्दाने लुबाडली जाऊ शकतात. म्हणून हा भेद शिकवल्याशिवाय शिकवणे पुरे होत नाही.

भिंतीवर काय पाहतात, हेही मजेचे आहे. धुळ्याहून तासाभरावर असलेल्या मालेगावात २००० साली ‘मालेगाव के शोले’ निघाला, तेव्हा आपल्याच गल्लीतली माणसे पडद्यावर पाहायला तिथे गर्दी लोटली होती. त्या वेडावर रीमा कागती यांनी काढलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. आज तसे वेड अहिराणी गाण्यांचे आहे. ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणे यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजले. ज्या बोलीत बोललो म्हणून आमच्या पिढीने शाळेत छड्या खाल्ल्या, ती बोली आता पुढच्या खोलीत, पाहुण्यांसमोर, मोठ्या आवाजात वाजते. फोनवर ती प्रत्येकाच्या कानातल्या बोंडात होती. टीव्हीवर आली की आजीही ठेका धरते आणि एखादा शब्द चुकीचा आहे म्हणून भांडतेही.

अडचणी आहेत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो, वीज जाते, आणि वीज गेली की राउटर मरतो. इन्व्हर्टर असेल तर टीव्हीबरोबर राउटरचीही वायर त्यावर घ्यावी. पुष्कळांच्या घरी तेवढीच राहून गेलेली असते. पण वीज तासा-दोन तासांत परत येते. मोठी अडचण निराळीच आहे. जोडून देणारा नातू सुट्टी संपली की पुण्याला परत जातो आणि तो गेला की टीव्ही पुन्हा नुसता टीव्ही होतो. त्याला फोन करून विचारावे तर तो सांगतो, ‘‘आजी, वरून खाली ओढ, मग कास्टवर टॅप कर.’’ आजी म्हणते, ‘‘बरं.’’ आणि फोन बाजूला ठेवते.

म्हणून निघण्यापूर्वी मी आणि त्या नातवाने एक पुठ्ठा केला. आत्या चौथी शिकलेली. जाड मार्करने बोटभर उंचीची अक्षरे काढली. पहिले, टीव्ही चालू. दुसरे, फोनवर वरून खाली दोनदा बोट ओढ. तिसरे, हे चित्र दाब. आणि तिथे त्या खुणेचे चित्रच काढले. चौथे, आपल्या टीव्हीचे नाव. ते नाव इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून झालेले होते. सेटिंगमध्ये जाऊन आम्ही ते बदलून ‘कानबाई’ ठेवले. पाचवे, बंद करताना पुन्हा तेच चित्र. मग नातवाने हात मागे बांधले आणि आजीकडून सात वेळा करून घेतले. तिसऱ्यांदा ती चिडली, पाचव्यांदा हसली. आपण पटकन हातातला फोन ओढून घेतो आणि ‘दे, मी करून देतो’ म्हणतो. शिकवण्यात तेवढे टाळले तरी पुष्कळ झाले.

पुठ्ठा टीव्हीशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. शेजारच्या दोन बायका त्याचा फोटो काढून घेऊन गेल्या. थोरलीच्या लोखंडाच्या गोळ्या चालू आहेत. साडेसातला कॉल लागला की धाकटी तिला आधी हात वर करायला लावते, आणि बांगडी कुठे थांबते ते पाहूनच पुढचे बोलते.